वासरावाचून रेनेट

दुधावर वाढणाऱ्या कोवळ्या वासराच्या चौथ्या जठरात कायमोसिन नावाचे विकर स्रवते, आणि ज्या रेनेटने दूध गोठवून युरोपातील चीज शतकानुशतके होत आले त्याचा मुख्य अंश तेच होय. १८७४ मध्ये ख्रिश्चन हान्सेन यांनी कोपनहेगन येथे त्याचा प्रमाणित अर्क विक्रीस काढला, तरी कच्चा माल कत्तलखान्यातूनच येत राहिला. पुढे चीजचा खप वाढला, पण वासरांची जठरे त्या मानाने मिळेनात; तेव्हा वासराचे हे जनुकच सूक्ष्मजंतूच्या पेशीत बसवावे आणि विकर तिच्याकडून करवून घ्यावे, अशी तजवीज शास्त्रज्ञांनी केली.

अडचण होती ती विकराच्या स्वभावात. कायमोसिन प्रथिनभेदक, म्हणजे प्रोटीएज वर्गातले. दुधातील कप्पा-केसीनच्या साखळीत १०५ व्या आणि १०६ व्या अमिनो आम्लांमधला दुवा ते नेमका तोडते, आणि त्यामुळेच दूध गोठते. असले छेदक द्रव्य ज्या पेशीत जन्मास येईल, त्या पेशीच्याच प्रथिनांवर ते उलटले तर काय, ही शंका रास्त होती. परंतु याचा बंदोबस्त निसर्गाने आधीच केलेला आहे. हे विकर प्रथम ४२ अमिनो आम्लांच्या एका जादा तुकड्यासह, प्रोकायमोसिन या निष्क्रिय रूपात घडते; तो तुकडा असेपर्यंत त्याला छेदनाची मुभा नसते, आणि आम्लाचा स्पर्श होताच विकर स्वतःच तो तुकडा तोडून टाकते.

शास्त्रज्ञांनी हेच निष्क्रिय रूप ई. कोलाय या जंतूकडून तयार करून घेतले. मात्र जंतूच्या पोटात त्याची साखळी नीट दुमडली जाईना. तिचे न विरघळणारे कण साचू लागले, आणि दुमड चुकलेले विकर, त्यातील अमिनो आम्लांचा क्रम कितीही बिनचूक असला तरी, कुचकामीच ठरते. म्हणून ते कण वेगळे काढून युरियाच्या द्रावणात उलगडावयाचे, द्रावण पातळ करून साखळीस पुन्हा योग्य आकार घेऊ द्यावयाचा, आणि मग आम्ल घालून विकर जागृत करावयाचे, असा क्रम ठरला. याच आम्लाने उरलेसुरले जंतूही मरतात.

मार्च १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या कायमोसिनला मंजुरी दिली. जनुकीय अभियांत्रिकीने निर्मिलेला अन्नातील हा त्या देशातला पहिलाच मान्य घटक. पुढे क्लुइव्हरोमायसीस हे यीस्ट आणि अ‍ॅस्परजिलस ही बुरशी कामास लावण्यात आली. ही दोन्ही प्रोकायमोसिन नीट दुमडून पेशीबाहेरच सोडत असल्यामुळे उलगडण्या-दुमडण्याचा सारा खटाटोप वाचला. जनुकाची नक्कल जंतूत उतरविणे हे या कामाचे निम्मेच अंग होय. विकर योग्य आकारात घडावे, आणि आपण म्हणू तेव्हाच, त्याआधी नव्हे, कार्यक्षम व्हावे, हे दुसरे अंग साधले तेव्हाच वासराच्या जठराची गरज संपली.