नातू बोटीवर असेल तर खसखस जपून



पुरीमच्या आधी अश्दोदहून एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. "सिस्टर, मुलीचा मुलगा अमेरिकेहून येतोय. बोटीवर नोकरीला आहे. म्हणतो, आजी, खसखशीचं काही करू नकोस, माझी तपासणी असते. खसखस म्हणजे काय दारू आहे का हो?" बाईंच्या आवाजात राग होता. आयुष्यभर ज्या हातांनी खाऊ घातले, त्यांच्यावरच शंका घेतल्यासारखे त्यांना वाटले.

मी म्हटले, "रागावू नका, मुलगा बरोबर बोलतोय."

अमेरिकन झेंड्याच्या व्यापारी बोटींवर जबाबदारीचे काम करणाऱ्यांची लघवी तपासतात. नोकरी लागताना तपासतात, मोठा अपघात झाला किंवा माणूस नशेत असल्याची वाजवी शंका आली तर तपासतात, आणि चिठ्ठी काढल्यासारखे अचानकही बोलावतात. गांजा, कोकेन, अफूच्या जातीची औषधे, अँफेटामाइन आणि पीसीपी असे पाच गट शोधतात. तपासणीला नकार देणे हे नापास होण्यासारखेच धरतात. नापास झालेल्याला कामावरून बाजूला करतात आणि त्याचे खलाशाचे सर्टिफिकेटही जाऊ शकते. म्हणजे घरची चूल बंद!

आता खसखस. ती अफूच्या बोंडातलेच बी. बियांत नशा नाही, पण बोंडाचा चीक त्यांच्या सालीला लागतो आणि त्या चिकात मॉर्फीन असते. खाल्ल्यावर ते एक-दोन दिवस लघवीत उतरते. आपण वाटणात चिमूटभर घालतो, त्याने सहसा काही होत नाही. पण इथल्या बेकरीतले पेरेगचे केक आणि ओझनेई हामान यांत काळी खसखस चमचे भरभरून असते. यंत्राला मॉर्फीन दिसते. ते केकातून आले की सुईतून, हे त्याला कळत नाही. म्हणूनच अमेरिकेने १९९८ साली मर्यादा एका मिलीलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. त्याने पुष्कळ निरपराध माणसे वाचली, पण सगळी नाही, कारण बी कुठले आणि किती धुतलेले यावर मॉर्फीन कमी-जास्त असते. २०२३ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांनाही खसखस टाळायला सांगितले. आखातातून जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की संयुक्त अरब अमिरातीत खसखस न्यायलाच बंदी आहे. मसाल्याच्या पुडीबरोबर तीही बांधून देऊ नका.

मला खरी काळजी मात्र वेगळीच वाटते. आपल्या पिशवीतली गोळी! नातवाची पाठ दुखली की आजी आपल्या डब्यातली गोळी काढून देते. दुखण्याच्या कित्येक गोळ्यांत आणि काही खोकल्याच्या औषधांत कोडीन असते. शरीरात त्यातल्या थोड्याचे मॉर्फीनच होते. नमुन्यात काही सापडले तर नेमलेला डॉक्टर त्या माणसाला फोन करून विचारतो. स्वतःच्या नावाची चिठ्ठी असेल तर मार्ग निघतो. "आजीने दिली" हे उत्तर चालत नाही. कॅनाबिसच्या तेलाचे तर नावच नको. आपल्यापैकी काहींना ते इथे डॉक्टर रीतसर देतात, पण अमेरिकन बोटीवर केंद्र सरकारचा कायदा चालतो आणि त्यात गांजाला औषध म्हणूनही माफी नाही.

नमुना कसा घेतात ते सांगते, कारण मला ते पटते. बाटली हातात आल्यावर चार मिनिटांच्या आत तिची उष्णता पाहतात. ३२ ते ३८ अंश हवी, नाहीतर दुसऱ्याची लघवी असल्याचा संशय. मग नमुना दोन बाटल्यांत वाटतात. निकाल उलटा आला तर ७२ तासांत दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत तपासून मागता येते. हा हक्क मुलांना ठाऊक असू द्या.

दारूचा नियम वेगळा. कामाच्या आधीचे चार तास प्यायची नाही आणि रक्तात ०.०४ टक्के झाले की गुन्हा. जगभरच्या बोटींसाठी जो करार आहे, त्यात ही मर्यादा ०.०५ आहे. १९८९ साली अलास्कात एक्सॉन वाल्डेझ ही तेलाची बोट खडकावर चढली आणि सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात गेले. कप्तानाचे रक्त घेतले ते दहा तासांहून अधिक वेळाने! पुढे कोर्टात दारूच्या आरोपातून तो सुटला. आता मोठ्या अपघातानंतर दारूची तपासणी दोन तासांत आणि लघवीची ३२ तासांत करायची असते. शरीर दारू आपल्या चालीनेच जिरवते, कॉफी पाजून ती लवकर उतरत नाही. हे मी वॉर्डात किती नातेवाइकांना सांगितले असेल!

बाईंनी विचारले, "मग किद्दुशचं काय?" मी म्हटले, सुट्टीवर आहे, घोटभर घेऊ दे. पण आपल्या आईवडिलांनी कोकणात काळ्या मनुका भिजवून ताज्या शरबतावर किद्दुश केलेच ना? त्यावर त्या हसल्या. ओझनेई हामानात त्यांनी खजुराचे सारण भरले. नातू आल्यावर पुन्हा फोन आला, या वेळी एका गोळीच्या पाकिटावरचे नाव वाचून दाखवायला. त्यात कोडीन होते.