शेंदराच्या पोटात शिसे

जालना जिल्ह्यातल्या काळ्या पाषाणात शिशाची खाण नाही. तरी शिसे गावोगावी आहे. मारुतीभक्त समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यातले, आणि मारुतीविना गाव तर शोधूनही सापडायचे नाही. त्या मारुतीला तेलात कालवून चढवतात तो अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. वजनात सुमारे 90 टक्के शिसेच, म्हणून तर चिमूटभर पूडही हाताला जड लागते.

निसर्गात हे खनिज क्वचितच मिळते. बाजारातला शेंदूर मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचेच पिवळसर ऑक्साइड, हवेत तापवून करतात. पिवळसर पूड हळूहळू नारिंगी-लाल होते. खनिजाचे शास्त्रीय नाव मिनियम. ते स्पेन-पोर्तुगालच्या सीमेवरील मिन्यो नदीवरून पडले, असे मानतात. गंमत म्हणजे रोमन लोक आधी हिंगुळालाच, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजाला, मिनियम म्हणत. पोथ्यांत या रंगाने केलेल्या कामावरून ‘मिनिएचर’ शब्द आला. आकाराशी त्याचा मुळात संबंध नव्हता. आपल्याकडचे नाव अधिक नेमके: अमरकोशात शेंदराला ‘नागसंभव’ म्हटले आहे. नाग म्हणजे शिसे.

शिसे विषारी असते, लहान मुलांना विशेष घातक. शेंदूर लावल्यावर हात साबणाने धुवा आणि पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नका.