पर्याय क्रमांक तेरा

जुलै १९९४च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, एक निवेदन प्रसिद्ध केलं. मोटार शर्यतींबद्दल हाताला लागेल ते मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. चालकांची चरित्रं वाचली, इंजिनांवरची पुस्तकं वाचली, जुन्या शर्यतींचे वृत्तान्त वाचले. पण ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळावंसं वाटलं, ते हे वकिली थाटाचं, रूक्ष निवेदन. त्यात संगणकाच्या पडद्यावरच्या एका यादीचं वर्णन आहे. यादीत दहा पर्याय दिसतात आणि त्यापुढे काहीच दिसत नाही. तरीही यादी तशीच खाली सरकवत नेली, तर काहीही लिहिलेलं नसलेल्या जागी तेरावा पर्याय निवडता येतो. तो निवडला की शर्यत सुटताना क्लच, गिअर आणि इंजिनाचा वेग गाडी स्वतःच सांभाळते.

ही गाडी बेनेटन संघाची होती आणि तिचा चालक होता मिखाएल शूमाकर. चालकाच्या मदतीला येणाऱ्या या स्वयंचलित यंत्रणेवर त्या वर्षी बंदी होती.

चालकाला यंत्राची मदत मिळाली की शर्यतीतला थरार जातो, ती काढून घेतली की परत येतो, असं सर्रास म्हटलं जातं. मलाही बरीच वर्षं ते पटत होतं. त्या दोन-तीन हंगामांच्या खोलात गेल्यावर मात्र प्रश्न वेगळाच आहे, असं माझं मत झालं.

१९९२चं वर्ष फॉर्म्युला वनच्या चाहत्यांना सांगायला नको. विल्यम्स संघाच्या एफडब्ल्यू १४बी या गाडीत संगणकाच्या हुकमाने वर-खाली होणारं ॲक्टिव्ह सस्पेन्शन होतं आणि चाकांची घसरण रोखणारं ट्रॅक्शन कंट्रोल होतं. नायजेल मॅन्सेलने पहिल्या पाचही शर्यती जिंकल्या, सोळांपैकी चौदा वेळा तो सर्वांत पुढून सुटला आणि ऑगस्टमध्ये हंगेरीतच विजेतेपदाचा निकाल लागला. १९९३मध्ये अ‍ॅलन प्रॉस्टने विल्यम्सच्याच गाडीत तेरा वेळा पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुटण्याची जागा, पटकावली. लोक कंटाळले होते, यात शंका नाही.

पण शर्यतीच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली फेरीही याच ‘कंटाळवाण्या’ काळातली आहे. ११ एप्रिल १९९३ रोजी इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनच्या पावसात आयर्टन सेना सुरुवातीलाच पाचव्या जागी ढकलला गेला. मग शूमाकर, वेंडलिंगर, हिल आणि प्रॉस्ट यांना मागे टाकून पहिली फेरी संपण्याआधीच तो आघाडीवर पोचला. त्याच्या मॅक्लारेनमध्ये ॲक्टिव्ह सस्पेन्शन होतं आणि ट्रॅक्शन कंट्रोलही होतं. म्हणजे मदत असली की थरार नाही, हे सरसकट खरं नाही. तरीही या फेरीची वाहवा झाली, तेव्हा सेनाने स्वतःच ती कमी लेखली. आपल्याकडे ट्रॅक्शन कंट्रोल होतं, त्यामुळे गाडी चालवणं फार सोपं झालं होतं, असं त्याचं म्हणणं. १९८५ साली पोर्तुगालमध्ये एस्टोरिलच्या मुसळधार पावसात, असली कोणतीही मदत नसताना मिळवलेला आपला पहिला विजय त्याला कितीतरी मोठा वाटे. बघणाऱ्याला दोन्ही शर्यती सारख्याच अंगावर काटा आणणाऱ्या वाटल्या. चालवणाऱ्याला मात्र फरक ठाऊक होता.

जून १९९३मध्ये माँट्रियलला एफआयएचे तांत्रिक प्रतिनिधी चार्ली व्हायटिंग यांनी एक अहवाल दिला. ॲक्टिव्ह सस्पेन्शनमुळे गाडीची हवेतली बैठक बदलते, म्हणून ती हलती वायुगतिक यंत्रणा ठरते आणि नियमात बसत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलमुळे गाडीचा पूर्ण ताबा चालकाकडे राहत नाही, म्हणून तेही बसत नाही. या हिशेबाने स्कुदेरिया इतालिया संघाच्या दोन लोला गाड्या सोडल्या, तर मैदानातल्या सगळ्याच गाड्या बेकायदा ठरत होत्या. महिनाभर बरीच ओढाताण झाली आणि शेवटी तडजोड अशी निघाली की हंगाम आहे तसा पार पाडायचा आणि १९९४पासून बंदी लागू करायची. चालकाने गाडी एकट्याने, विनामदत चालवली पाहिजे, हे तत्त्व नियमावलीत ठळक झालं. शर्यतीदरम्यान इंधन भरण्याची पद्धतही त्याच वर्षी परत आणली गेली.

कागदावर नियम उत्तम होता. अडचण होती ती तपासायची कशी, ही. पंखाची उंची पट्टीने मोजता येते, गाडीचं वजन काट्यावर कळतं. ट्रॅक्शन कंट्रोल मोजायला असं काही साधन नव्हतं. मागची चाकं पुढच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरू लागली की ती घसरताहेत, हे संवेदक ओळखतो आणि संगणक इंजिनाच्या काही सिलिंडरांमधली ठिणगी क्षणभर तोडतो. बाहेरून जाणवतो तो फक्त वळणातून निघताना इंजिनाचा अडखळता, फटफटता आवाज. चाकांवर संवेदक नसतील तरी इंजिनाचे फेरे फार झपाट्याने वाढताहेत एवढं पकडूनही काम भागतं. मग त्याला ट्रॅक्शन कंट्रोल म्हणायचं की इंजिनाची नेहमीची निगराणी, यावर वकील दिवसच्या दिवस भांडू शकतात.

१७ एप्रिल १९९४ रोजी जपानमधल्या आयदाला सेना पहिल्याच वळणावर टक्कर होऊन बाहेर पडला. लगेच परत न जाता तो ट्रॅकच्या कडेला थांबून जाणाऱ्या गाड्या ऐकत राहिला. बेनेटनमध्ये काहीतरी आहे अशी त्याची खात्री झाली होती, असं त्याच्या जवळच्यांनी पुढे सांगितलं. त्याच आठवड्यात फेरारीच्या निकोला लारिनीच्या तोंडून इटालियन पत्रकारांसमोर त्यांच्या गाडीतल्या अशाच एका यंत्रणेचा उल्लेख निघून गेला आणि खळबळ उडाली. दोन आठवड्यांनी इटलीतल्या इमोलाला शनिवारी चालक रोलंड रात्झेनबर्गर अपघातात गेला आणि रविवारी, १ मे रोजी, सेना गेला. सस्पेन्शनचा आधार काढून घेतलेल्या गाड्या बिथरलेल्या होत्या. या हंगामात बरेच अपघात होतील, ही भीती सेनाने आधीच बोलून दाखवली होती.

इमोलाच्या पहिल्या तीन गाड्यांची, म्हणजे शूमाकरची बेनेटन, लारिनीची फेरारी आणि हाकिनेनची मॅक्लारेन यांची, सॉफ्टवेअर तपासायचं एफआयएने ठरवलं. तपासाचं काम मिळालं लिव्हरपूल डेटा रिसर्च असोसिएट्स, अर्थात एलडीआरए या कंपनीला. ही मंडळी शर्यतीच्या जगातली नव्हती. लिव्हरपूल विद्यापीठातून १९७५ साली उभी राहिलेली ही कंपनी सॉफ्टवेअर ओळीओळीने तपासून त्यात काय दडलंय, ते शोधून काढायची. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या लोकांबद्दल. शूमाकर आणि सेनावर पुस्तकांची रास आहे. या तपासनिसांच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो.

त्यांनी मूळ कोड मागितला. बेनेटन आणि मॅक्लारेन यांनी तो वेळेत दिला नाही, म्हणून दोघांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. मॅक्लारेनच्या कोडमध्ये गिअर आपोआप वर टाकणारा कार्यक्रम सापडला, पण एफआयएने त्यांना दोषी धरलं नाही. बेनेटनने आधी प्रात्यक्षिकावर भागवायचा प्रयत्न केला, पण एलडीआरएचं समाधान झालं नाही. अखेर जुलैच्या पहिल्या आठवड्यात तपासनीस कारखान्यात गेले आणि तिथे त्यांना ‘लाँच कंट्रोल’ सापडलं.

हा जुन्या हंगामातला उरलेला भाग आहे आणि सबंध कोड नव्याने बांधल्याशिवाय तो चालू करता येत नाही, असं बेनेटनचं म्हणणं होतं. ते खरं नाही, असं एलडीआरएने दाखवून दिलं. गिअरबॉक्सच्या नियंत्रकाला साधा लॅपटॉप जोडून, यादीत खाली तेराव्या जागी जाऊन ते चालू होत होतं. त्यानंतर चालकाने गिअरचे खटके, क्लच आणि ॲक्सिलरेटर ठरावीक क्रमाने वापरले की यंत्रणा सज्ज होई आणि पुढचं काम संगणक करी. हा पर्याय पडद्यावर दिसू नये अशी व्यवस्था कशासाठी केली, याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही, असं निवेदनात स्पष्ट नोंदवलं आहे.

आणि तरीही निवेदनाचा निष्कर्ष असा की, उपलब्ध पुराव्यांनुसार इमोलाला बेनेटनने ही यंत्रणा वापरली नाही. बेनेटनला या बाबतीत शिक्षा झाली नाही.

हा निष्कर्ष मला मान्य आहे. पुरावा नसताना शिक्षा होता कामा नये. पण त्याच महिन्यात फ्रान्समधल्या मान्यी-कूर्सला तिसऱ्या जागेवरून सुटलेला शूमाकर दोन्ही विल्यम्सना मागे टाकून पहिल्या वळणाआधीच पुढे गेला होता. ती सुरुवात आजही बघा. अप्रतिम आहे. आणि ती बघताना मनात शंका येतेच. कदाचित ते निव्वळ त्याचं कसब असेल. तसं असेल तर लपवलेल्या त्या तेराव्या पर्यायाने सर्वांत मोठा अन्याय केला तो शूमाकरवरच, कारण त्याच्या सर्वोत्तम क्षणाची शाबासकी त्याला निखळ मिळू शकली नाही. त्या वर्षी ॲडलेडला हिलशी टक्कर होऊन तो एका गुणाने, ९२ विरुद्ध ९१, जगज्जेता झाला, तेव्हाही ही कुजबुज त्याच्या मागे होतीच.

पुढे पंचांना हार मानावी लागली. ट्रॅक्शन कंट्रोल पकडता येत नाही म्हणून २००१च्या स्पॅनिश शर्यतीपासून ते पुन्हा कायदेशीर झालं. लाँच कंट्रोलही उघड झालं आणि लगेच ऑस्ट्रियात हाकिनेन, फ्रेंटझेन, ट्रुली आणि हायडफेल्ड हे चौघे सुरुवातीच्याच रेषेवर बंद पडले. २००४ला लाँच कंट्रोल आणि २००८ला ट्रॅक्शन कंट्रोल पुन्हा गेलं, ते मात्र या वेळी खऱ्या अर्थाने गेलं. फरक शिक्षेच्या धाकाने पडला नाही. २००८पासून सर्व संघांना मॅक्लारेन इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सने बनवलेला एकच संगणक सक्तीचा झाला. प्रत्येकाच्या घरच्या यादीतला तेरावा पर्याय शोधत बसण्यापेक्षा सगळ्यांनाच एक यादी दिली गेली. चौदा वर्षांच्या भांडणावर हे उत्तर निघालं.

आता थराराचा हिशेब करू. २००७ला ट्रॅक्शन कंट्रोल होतं. रायकोनेन ११० गुणांवर विजेता ठरला, हॅमिल्टन आणि अलोन्सो दोघेही १०९वर राहिले. २००८ला ते नव्हतं. हॅमिल्टन ९८, मासा ९७. दोन्ही वर्षी एका गुणाचा फरक. मग बंदीने काय मिळालं? मिळालं ते २००८च्या ओल्या सिल्व्हरस्टोनवर दिसलं. मासाची गाडी पाच वेळा गरगरली आणि हॅमिल्टन मिनिटाहून जास्त अंतराने जिंकला. कुणाचा पाय किती हळुवार आहे, हे स्टँडमधल्या शेवटच्या माणसालाही दिसत होतं. गुणतक्त्यातली चुरस मदत असतानाही होते आणि नसतानाही होते. जे दिसतंय ते माणसाचं आहे, हा विश्वास मात्र नियम तपासता आला तरच बसतो.

याच कसोटीवर २०११ला आलेलं डीआरएसही तपासावं. मागच्या गाडीला सरळ रस्त्यावर पंखाची फट उघडायची मुभा मिळाली आणि ओव्हरटेकिंग वाढलं. यात लपवाछपवी नव्हती, हे त्याचं श्रेय. पण त्या वर्षातला लक्षात राहिलेला क्षण कॅनडाचा आहे. शेवटच्या फेरीत बटनच्या दबावाखाली फेटेल ओल्या पट्ट्यात घसरला आणि बटनने शर्यत जिंकली. ती जागा कोणत्याही पंखाने मिळवून दिली नव्हती.

२०२६च्या नियमांत डीआरएस गेलं आहे, पुढचे-मागचे दोन्ही पंख हलते झाले आहेत आणि जवळपास निम्मी ताकद विजेची आहे. ती वीज कुठे साठवायची आणि कुठे खर्चायची, यात सॉफ्टवेअरचा वाटा पूर्वी कधी नव्हता इतका मोठा आहे. मदत असावी की नसावी यावर चाहत्यांनी खुशाल वाद घालावा. एफआयएकडे माझी मागणी एवढीच आहे की जो नियम तपासता येत नाही तो करू नये, आणि जो तपासला जातो त्याचा अहवाल १९९४सारखा सर्वांसमोर ठेवावा. खेळातला थरार आधी मारते ती शंका. यंत्राचा नंबर त्यानंतर लागतो.