उलटी झालेली गोटी पडत का नाही?

मुलांनो, घसरगुंडीवरून सुसाट खाली येतानाचा शेवटचा टप्पा आठवा बरं. जिथे घसरगुंडी वाकून आडवी होते ना, तिथे एक क्षण आपण पत्र्यावर दाबले जातो. जणू अंगाचं वजन अचानक वाढलं! वजन तर होतं तेवढंच असतं. मग हा जादा जोर आला कुठून?

चला, हिशेब मांडू या. घसरणाऱ्या वस्तूवर दोन मुख्य बले असतात. एक पृथ्वीची ओढ. ती नेहमी सरळ खाली. दुसरा उताराचा रेटा. तो मात्र उताराच्या पृष्ठभागाशी काटकोन करून असतो. उतार वस्तूला ढकलू शकतो, स्वतःकडे ओढू शकत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. (घर्षण हे तिसरं बल. त्याला सध्या मागच्या बाकावर बसवू.)

धावत्या वस्तूला सरळच जायचं असतं. वाट वाकली की तिला वळवावं लागतं आणि त्यासाठी वळणाच्या आतल्या बाजूला बल लागतं. त्याला अभिकेंद्री बल म्हणतात. ते आभाळातून पडत नाही. ओढ आणि रेटा यांच्या बेरीज-वजाबाकीतूनच मिळतं. घसरगुंडीच्या तळाशी ‘आतली बाजू’ म्हणजे वरची बाजू. म्हणजे पत्र्याला दोन कामं झाली! तुमचं वजन पेलायचं, शिवाय तुम्हाला वर वळवायचं. म्हणून तो जास्त रेटतो.

किती जास्त? हॉलंडचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६७३ साली याचा नियम छापला. वेग दुप्पट झाला तर वळवायला चौपट बल लागतं. वळणाची त्रिज्या निम्मी झाली तर दुप्पट. पाव वर्तुळाच्या गुळगुळीत घसरणीवरून तुम्ही खाली आलात, तर अगदी तळाशी रेटा वजनाच्या ३ पट होतो. ३० किलोच्या मुलाला ९० किलोचं झाल्यासारखं वाटेल! आणि गंमत म्हणजे घसरण लहान असो की मोठी, उत्तर ३ पटच. मोठ्या घसरणीवर वेग वाढतो खरा, पण वळणही तेवढंच सैल असतं.

आता एक प्रयोग. बागेला पाणी घालायची जुनी जाड नळी घरातल्या मोठ्या माणसाकडून उभी चिरून घ्या. झाली गोटीची पन्हळ! तिचा एक भाग उतरता ठेवा आणि पुढे सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा उभा गोल करून चिकटपट्टीने पक्का बसवा. गोलाचा माथा जमिनीपासून २० सेंटिमीटरवर आहे. मग गोटी २० सेंटिमीटर उंचीवरून सोडली की पुरे, असं वाटतं ना? सोडून पाहा. ती माथ्यापर्यंत पोचतच नाही, अर्ध्या वाटेत पन्हळ सोडून खाली पडते.

कारण माथ्यावर नुसतं पोचून भागत नाही, तिथे वेगही शिल्लक हवा. वेग कमी पडला तर पृथ्वीची ओढ गोटीला पन्हळीपेक्षा जास्त वाकवते. पन्हळ तिला धरून ठेवू शकत नाही, कारण ती फक्त ढकलते! वेग पुरेसा असेल तर गोटी पुढेही धावते नि खालीही वळते, आणि पन्हळीची साथ सुटत नाही. हिशेबाने नुसत्या घसरणाऱ्या वस्तूला त्रिज्येच्या अडीच पट उंची पुरते, म्हणजे इथे २५ सेंटिमीटर. गोटी मात्र गरगर फिरत येते, त्या फिरण्यातही ऊर्जा जाते. तिला २७ लागतात. आता घर्षणाला मागच्या बाकावरून उठवा आणि ३५-४० पासून सुरुवात करा.

पण या गोलात एक धोका दडलेला आहे. माथा जेमतेम पार करण्याइतका वेग घ्यायचा, तरी तळाशी रेटा वजनाच्या ६ पट होतो. गोटीला काय त्याचं! माणसाला मानपाठ असते. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची गाडी सुरू झाली. तिचा गोल जवळजवळ पुरता वर्तुळाकार, व्यास फक्त २५ फूट. सपाट रुळावरून गाडी त्यात शिरली की क्षणात रेटा एकपटीवरून कितीतरी पट होई. लोकांच्या माना आणि पाठी दुखू लागल्या. चारआठ वर्षांतच ती बंद पडली.

उपाय सापडला तो वाटेच्या आकारात. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एका रोलर कोस्टरसाठी जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगेल यांनी उलट्या थेंबासारखा गोल आखला. खाली, जिथे वेग जास्त, तिथे वळण सैल. वर जाताना वेग घटत जातो, तसं वळण आवळत जातं. त्यामुळे तळाशी एकदम दणका बसत नाही आणि माथ्यावर गाडी रूळही सोडत नाही. अशा हळूहळू आवळत जाणाऱ्या वक्राला क्लोथॉइड म्हणतात.

खरं तर आगगाडीचे रूळ टाकणाऱ्या इंजिनिअरांना ही युक्ती एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होती. रूळ सरळ वाटेवरून एकदम वर्तुळात शिरत नाहीत. मध्ये थोडं थोडं वाकत जाणारा तुकडा असतो. फ्लिप फ्लॅपवाल्यांनी त्यांना नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं! पुढच्या प्रवासात गाडी वळणाला लागली की शेवटच्या डब्याच्या खिडकीतून (हात बाहेर न काढता) इंजिनाकडे पाहा. नेमकं कुठून वळण सुरू झालं, ते तुम्हाला सांगताच येणार नाही.