मुळशीची जमीन आणि कंपनीचा पैसा

मुळशीचा आंबेमोहोर नावाजलेला. त्या भातखाचरांसाठी शंभर वर्षांपूर्वी झालेला सत्याग्रह आणि सेनापती बापटांचे नाव आपल्याला ठाऊक असते. पण त्या झगड्यात समोर उभी होती ती एक कंपनी, आणि कंपनी ही चीज काय असते हे कळल्यावाचून तो झगडाही नीट कळत नाही.

समजा, भावकीतल्या चौघांनी कर्ज काढून विहीर पाडली आणि पाणी लागले नाही. सावकार चौघांच्याही बैलांवर आणि घरावर येतो. कंपनीत तसे नसते. शंभर रुपयांचा शेअर घेतला तर बुडाले तरी शंभरच बुडतात, घरादाराला धक्का नाही. आपल्या देशात ही मुभा १८५७ च्या कायद्याने मिळाली. शिवाय माणूस मरतो, वाटण्या होतात, पण कंपनी चालूच राहते. शेअर तेवढा या हातातून त्या हातात जातो. म्हणून ज्या कामाचे फळ वर्षानुवर्षे थांबल्यावर मिळायचे, ते काम एकट्या शेठजीला झेपत नाही, कंपनीला झेपते. १९०७ साली टाटांनी पोलादाच्या कारखान्यासाठी शेअर काढले, तेव्हा सुमारे ८,००० हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत भांडवल पुरे केले. लंडनच्या पेढ्यांकडे त्याआधी डाळ शिजली नव्हती.

विजेचेही असेच. मुंबईच्या गिरण्यांना दुरून आणलेला कोळसा महाग पडे. इकडे सह्याद्रीत पाऊस उदंड. पाणी अडवून घाटाखाली सोडले की वीज तयार. जमशेटजी टाटा १९०४ साली वारले, पण त्यांची ही कल्पना मागच्यांनी तडीस नेली. १९१० साली पहिली कंपनी निघाली, १९१५ साली खोपोलीची वीज सुरू झाली. पुढे आंध्रा खोऱ्यासाठी दुसरी कंपनी आणि १९१९ साली टाटा पॉवर कंपनी. हिचे धरण मुळशीला व्हायचे होते. कंपन्या वेगवेगळ्या, कारभार मात्र एकाच पेढीकडे. याला मॅनेजिंग एजन्सी म्हणत. पैसा हजारोंचा आणि लगाम एका घराच्या हाती, अशी ती तऱ्हा होती. ती कायद्याने बंद झाली १९७० साली.

पैसा शेअर विकून उभा राहिला. जमिनीसाठी मात्र सरकारकडे जावे लागले. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कंपन्यांसाठी जमीन घेण्याचे एक वेगळे प्रकरणच होते. मालकाची खुशी असो वा नसो, सरकार जमीन घेऊन कंपनीला देई.

आणि मालक तरी कोण? मावळातल्या पुष्कळ जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर चढलेल्या होत्या. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, १८७९ साली त्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तरी कर्ज सुटले नव्हते. नांगर मावळ्याचा, कागद सावकाराचा. कूळकायदा यायला १९४८ साल उजाडायचे होते. मोबदला कागदावरच्या नावाला मिळतो. त्यामुळे सावकाराला धरणाचे फारसे वाईट वाटण्याचे कारण नव्हते. येणे वसूल होत नव्हते, त्या जागी रोकड हाती येत होती. कुळाचे मात्र पोटच गेले.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि बापट पुढे होते. 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. काम काही महिने थांबले, वर्षअखेरीस पुन्हा सुरू झाले. सावकार मंडळी मोबदल्याकडे वळली आणि लढ्याची कंबर मोडली. शहरातले देशभक्तही पेचात होते, कारण कंपनी इंग्रजाची नव्हती. स्वदेशी कारखानदारीला विरोध कसा करायचा? आमच्या मते प्रश्नच चुकीचा होता. कंपनी स्वदेशी आहे म्हणून कुळाच्या चुलीचा हिशेब माफ होत नाही. १९२४ साली बापटांनी रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर घाटाखाली भिऱ्याला वीज निघू लागली. गावेच्या गावे पाण्याखाली गेली. दोनच वर्षांनी, १९२९ साली, या वीज कंपन्यांच्या एजन्सीत एक अमेरिकन कंपनी भागीदार झाली. शेअरच्या वाटा अशा दूरदूर जातात.

भागभांडवलाने शेतकऱ्याचे नुकसानच होते असेही नव्हे. प्रवरेला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो साखर कारखाना उभा केला, तिथे ऊस पिकवणाराच शेअरचा धनी होता, आणि मताचा हक्क शेअरच्या संख्येवर नव्हता. एका सभासदाला एक मत. मुळशीत शेअर मुंबईला, कागद पुण्याला आणि कष्ट तेवढे मावळात होते.

१८९४ चा कायदा आता उरला नाही. १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा लागू आहे. खाजगी कंपनीसाठी सरकारला जमीन घ्यायची तर ज्यांची जमीन जाते अशा बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती लागते. ज्यांच्या नावावर जमीन नाही, पण जे संपादनाआधी तीन वर्षे तिथे कूळ, वाटेकरी किंवा मजूर म्हणून पोट भरत होते, तेही बाधितांत धरले जातात. मात्र २०१८ साली महाराष्ट्राने दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना संमतीच्या अटीतून सूट दिली. आणि एमआयडीसीचा १९६१ चा कायदा तर वेगळाच आहे. तेव्हा संपादनाची नोटीस गावात लागली, की ती कोणत्या कायद्याखाली आहे हे तलाठ्याला आधी विचारावे, आणि कूळ, वाटेकरी किंवा मजूर म्हणून राबल्याचे जे कागद घरात असतील ते शोधून ठेवावेत.