सातवं काडतूस

नवी अर्धस्वयंचलित रायफल अडू लागली की तीन खुलासे हमखास पुढे येतात. चालवणाऱ्याचा हात कच्चा आहे, काडतुसं हलकी आहेत, किंवा हत्यार नवं आहे, रुळेल हळूहळू. तिन्हींत थोडं थोडं तथ्य असतं आणि म्हणूनच ते घातक आहेत, कारण त्यांतला कोणताही एक मान्य केला की तपास थांबतो. माझं म्हणणं असं, की दोष कुठे आहे ते अडथळ्याच्या नियमितपणावरून ओळखावं, आणि हे करून झाल्याशिवाय यातला एकही खुलासा ऐकून घेऊ नये. याला आधार म्हणून अमेरिकी सैन्याच्या ‘एम-वन’ गॅरँड रायफलीची पहिली चार वर्षं पुरेशी आहेत. जॉन गॅरँड या क्विबेकमध्ये जन्मलेल्या यंत्रकाराने ती मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत घडवली. १९३६ मध्ये सैन्याने ती स्वीकारली, १९३७ मध्ये कारखान्यातून रायफली बाहेर पडू लागल्या, आणि १९४० मध्ये ती फसली की काय अशी चर्चा वर्तमानपत्रांपासून सिनेटपर्यंत पोचली होती. तक्रारी मुख्यतः दोन होत्या: काडतूस नीट वर येत नाही आणि पुढचे भाग सैल होतात.

आपल्याकडे एनसीसीत ज्यांनी बोल्टची रायफल हाताळली आहे त्यांना फरक चटकन कळेल. तिथे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागतो, त्यामुळे काडतूस वाकडं आलं तर ते तळहाताला आधी कळतं. गॅरँडमध्ये हे काम नळीतल्या जळलेल्या दारूचा वायू करतो. तो एका लांब दांड्याला मागे ढकलतो, दांडा बोल्ट उघडतो, रिकामं टरफल बाहेर फेकलं जातं, खालची स्प्रिंग पुढचं काडतूस वर उचलते आणि परतणारा बोल्ट ते चेंबरमध्ये सारतो. आठ काडतुसं पोलादी क्लिपसकट वरून आत दाबायची. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप टणकन बाहेर उडते. हे सगळं निमिषार्धात होत असल्याने माणसाच्या हाताला काहीच कळत नाही. चुकलं तर मागे उरते ती फक्त अडकलेल्या काडतुसाची स्थिती. ते उपसून टाकण्याच्या घाईत नेमका हाच पुरावा नष्ट होतो. कितवं काडतूस अडलं, त्याचं टोक वर होतं की खाली, क्लिप कोणती होती, हे आधी टिपून ठेवलं पाहिजे.

गॅरँडच्या बाबतीत हे टिपलं गेलं आणि त्यातून एक विलक्षण गोष्ट दिसली. अडथळा बहुतेक वेळा सातव्या काडतुसालाच येत होता. दोष सैनिकाच्या हातात असता, किंवा काडतुसांच्या दारूत, तर तो पहिल्यापासून आठव्यापर्यंत कुठेही पसरला असता. हलक्या काडतुसाला आपण क्लिपमध्ये कितवे आहोत हे ठाऊक नसतं. ठरावीक जागी येणारा अडथळा त्या जागेच्या घडणीकडे बोट दाखवतो. क्लिप भरलेली असते तेव्हा काडतुसं एकमेकांना आवळून धरतात. दोनच उरली की हा आधार संपतो आणि काडतुसाचं टोक जागेवर ठेवण्याची जबाबदारी रायफलीच्या आतल्या कडांवर येते. दुसरा धागा याहून मोलाचा होता. नमुनाशाळेत कसबी कारागिरांनी घडवलेल्या रायफली व्यवस्थित चालत होत्या आणि कारखान्यातून निघालेल्या अडत होत्या. म्हणजे कल्पना बरोबर होती. नमुन्यापासून मोठ्या उत्पादनापर्यंतच्या वाटेत काहीतरी गळलं होतं. शोध घेतला तेव्हा आढळलं, की यंत्रावरची कापणी सोपी व्हावी म्हणून रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात मागे-पुढे सरकतो त्या मुख्य सांगाड्याच्या, आतल्या मार्गदर्शक कडेचा पुढचा एक छोटासा तुकडा काढून टाकला गेला होता. कुणाला तो निरुपयोगी वाटला असावा. पुढच्या रिसीव्हरमध्ये तो परत ठेवला गेला आणि आधीच्या रायफलींत त्या जागी वेल्डिंग करून धातू भरला. जुन्या हत्यारांचे संग्राहक आजही सुरुवातीच्या क्रमांकांच्या रिसीव्हरमध्ये ते वेल्डिंग शोधतात.

सैलपणाची गोष्ट वेगळी आहे आणि दोन्ही तक्रारींना एकाच मापाने मोजणं ही टीकाकारांची चूक होती. पहिल्या रचनेत गॅरँडने नळीला भोकच पाडलं नव्हतं. नळीच्या टोकापुढे एक जोडनळी बसवून, गोळी बाहेर पडता पडता तिच्यामागचा वायू तिथे अडवला जाई आणि मागे वळवला जाई. हा सगळा डोलारा नळीच्या टोकावर उभा होता, आणि नेम धरायची माशीही त्याच्यावरच होती. तिथे काजळी साचे, धक्क्यांनी जोड ढिले होत आणि माशी हलली की नेम गेलाच. इथे कारखाना निर्दोष होता. आराखड्याबरहुकूम घडवलेली रायफलही सैल होणारच होती. म्हणून उपायही आराखड्यातच करावा लागला. १९३९ मध्ये बदल मंजूर झाला आणि १९४० पासून नळीच्या टोकाजवळ खालच्या बाजूला बारीक भोक पाडून वायू घेतला जाऊ लागला. भाग कमी झाले, सफाई सोपी झाली. जुन्या धर्तीच्या सुमारे ५० हजार रायफली बनल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक पुढे बदलून घेतल्या गेल्या.

‘रुळेल हळूहळू’ या खुलाशाचा समाचार इथेच घ्यावा. नव्या हत्यारात घासले जाणारे पृष्ठभाग खरखरीत असतात आणि पहिल्या काही गोळ्यांत ते गुळगुळीत होतात, हे खरं. पण रुळण्याने घर्षण कमी होतं. ढिला जोड वापराने घट्ट झाल्याचं कुणी पाहिलेलं नाही. उलट सगळंच घट्ट करत सुटणं हाही अडाणीपणा. बंदूक हलवल्यावर काही खुळखुळलं की खरेदीदार घाबरतो, पण गॅरँडच्या दांड्याला मोकळं फिरता आलंच पाहिजे आणि नळीवरच्या लाकडाला जराशी ढिलाई चालते. चालत नाही ती दोन ठिकाणी. एक म्हणजे माशी वाहणारा वायूचा सिलिंडर. दुसरी जागा लाकूड आणि लोखंड यांच्या सांध्याची. या रायफलीत ट्रिगरचा संच खालून बसवून ट्रिगरगार्ड दाबून बंद केला, की तोच लाकडाला रिसीव्हरशी आवळतो. तो बंद करताना चांगला जोर लागायला हवा. बोटाने सहज मिटला तर लाकूड दबलं आहे असं समजावं, मग निशाण्यावर गोळ्या विखुरल्या तर नवल नाही. कोणता भाग हलण्यासाठीच केला आहे आणि कोणता मुळीच हलता कामा नये, एवढं ठरवून मगच पाना हातात घ्यावा.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की इतके दोष निघालेली रायफल मुळातच रद्द का करू नये? १९४० मध्ये मेल्विन जॉन्सन या प्रतिस्पर्ध्याच्या रायफलीचे पाठीराखे हेच म्हणत होते, आणि युद्ध दारात असताना त्यांना मूर्ख ठरवणं सोपं नव्हतं. उत्तर दोषांच्या संख्येत शोधून मिळत नाही. ते कुठल्या थरात आहेत हे पाहावं लागतं. एक दोष कडेच्या तुकड्याचा, दुसरा नळीच्या टोकाचा. बोल्ट, त्याची कुलूपबंदी, आठ काडतुसांची क्लिप, हा गाभा दोन्ही दुरुस्त्यांत जवळपास अस्पर्श राहिला. १९४२ मध्ये फिलिपिन्समधल्या बॅटानच्या लढाईतून जनरल मॅकआर्थरने कळवलं, की धूळमातीतही ही रायफल नीट चालते आणि तिच्यात यांत्रिक दोष निघालेले नाहीत. ज्याचा गाभाच चुकलेला असतो असं हत्यार एवढ्या डागडुजीने इतकं सुधारत नाही.

मग चालवणाऱ्याचा दोष कधीच नसतो का? असतो, पण त्याची पाळी शेवटी येते. मुसळधार पावसात तेल धुऊन गेलं की गॅरँडचा बोल्ट आखडे. हे कुठल्या ठरावीक काडतुसाला होत नसे, आणि एकाच घडणीच्या दोन रायफलींपैकी नीट वंगण असलेली चालत राही. अडथळ्याचा नियम इथे काडतुसाच्या क्रमांकाऐवजी हवेशी आणि निगेशी जुळत होता, म्हणून उपायही यंत्रशाळेबाहेर सापडला: पाण्याने न धुपणारं घट्ट ग्रीस. ते कुठल्या जागी किती लावायचं हे सैनिकाला शिकवावं लागलं, आणि त्यानंतर कोरड्या बोल्टबद्दल त्याला जाब विचारणं न्याय्य ठरलं.