डाळ आधी, गूळ नंतर: आपलं पुरण आणि जपानचं आंको

हे या भागाचं लेखी रूप. बोलताना फुटलेले फाटे थोडे छाटलेत, सगळे नाही.

होळीला पोळी, नागपंचमीला दिंड, बैलपोळ्याला पुन्हा पोळी, गौरी जेवतात त्या दिवशीही बऱ्याच घरांत पुरण. आत तेच: हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलची, जायफळ. बाहेरचं काय ते सण ठरवतो. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, असा अनेक घरांचा नेम. मग कणकेच्या पारीत पुरण ठेवून चौकोनी घडी घालायची आणि मोदकासारखी वाफवायची. झाले दिंड. अट घातली आणि त्यातून नवा पदार्थ निघाला, हे आम्हा कोड लिहिणाऱ्यांना फार ओळखीचं वाटतं.

जपानी मिठायांतही आत बहुधा तेच असतं: आंको, म्हणजे अझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याचं गोड पुरण. बाहेरून ऋतू बदलतो. वसंतात साकुरामोची, चेरीच्या खारवलेल्या पानात. 5 मेला काशिवामोची, ओकच्या पानात. पहिलं पान खातात, दुसरं काढून टाकतात. इकडे पनवेलला श्रावणात पातोळ्या करतात, त्यात सारण गूळखोबऱ्याचं, पण हळदीचं पान तसंच, वास देऊन बाजूला.

सगळ्यात आवडलं ते चिकट भाताच्या गोळ्याचं. वरून आंको थापलेला हा गोळा वसंतात बोतामोची, बोतान फुलावरून. शरदात तोच ओहागी, हागी फुलावरून. (हसून घ्या, मग पुढे जाऊ.) तो करतात दिवसरात्र समान होतात त्या आठवड्यात, पितरांच्या आठवणीसाठी. 2024 मध्ये शरदातला तो आठवडा आपल्या पितृपक्षातच आला होता.

आता मूळ प्रश्न, जो तुमच्यापैकी कितीतरी जणांनी विचारला: पुरणात डाळ कचकच का लागते? बहुतेक वेळा कारण एकच, गूळ लवकर पडला. गूळ किंचित आंबट असतो, त्यात कॅल्शियमही असतं. दोन्हींमुळे डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन घट्ट होतं, शिवाय साखर पाणी ओढून घेते. एकदा गूळ पडला की डाळ आहे तिथेच थांबते. मग तासभर ढवळा. म्हणून डाळ बोटांत सहज चिरडेपर्यंत शिजवायची, कट निथळायचा, मगच गूळ. जपानमध्येही अझुकी पूर्ण मऊ झाल्यावरच साखर घालतात.

पण पुढे वाटा वेगळ्या होतात, आणि ते सालामुळे. अझुकी सालासकट शिजतं. त्याचं पहिलं पाणी तुरट, ते ओतून देतात. गुळगुळीत आंको हवं असेल तर दाणे चाळणीतून घासून साल काढायचं, गर पाण्यात धुऊन फडक्यात पिळायचा, नंतर साखर. आपल्या डाळीचं साल गिरणीतच निघालेलं. त्यामुळे आपण आधी गूळ आटवतो, उलथनं उभं राहीपर्यंत, आणि मग वाटतो. आणि आपण कट टाकत नाही, त्याची आमटी करतो. यात मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे.

वाटायचं मात्र गरम असतानाच. गार पुरण दगड होतं, आणि पुरणयंत्राचा दांडा फिरवताना मनगटाची वाट लागते. आईच्या मनगटाला ते आता झेपत नाही. आमच्याकडे दोन पर्याय होते, तयार पुरणाचं पाकीट किंवा मी. पाकीट वाईट नसतं, पण त्याबरोबर कट येत नाही, आणि आमटीशिवाय पोळी आमच्या घरात कोणी मान्य करणार नाही. त्यामुळे यंत्र माझ्याकडे आलंय. बारीक भोकांची जाळी लावा, एका वेळी दोनच डाव पुरण घाला, आणि बाकीचं पातेलं झाकून ठेवा.